लाल कोटातले चेहरे

लाल रंग चित्रकाराला दमवतो. कॅनव्हासवर हातभर लाल आला की बघणाऱ्याची नजर आधी तिथं जाते आणि चेहरा बिचारा मागे राहतो. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या व्यक्तिचित्रकाराला मात्र या रंगापासून सुटका नव्हती. फौजेतला साहेब हे त्याचं मानाचं गिऱ्हाईक, आणि साहेबाच्या अंगात लाल कोट.

त्यातही लाल एकच नव्हता. अधिकाऱ्याच्या कोटाचं कापड किरमिजी किड्यांपासून काढलेल्या महागड्या रंगात रंगवलेलं असे, डोळ्यांत भरणारं. शिपायाच्या कोटाला मंजिष्ठेच्या जातीच्या मुळ्यांचा स्वस्त रंग, थोडा विटकरीकडे झुकणारा. कॉलर आणि मनगटाच्या पट्ट्यांचा रंग पलटणीगणिक बदलायचा. कुणाचा पिवळा, कुणाचा हिरवा, आणि राजघराण्याशी नातं सांगणाऱ्या पलटणींचा निळा. १८३० नंतर नियमित फौजेच्या अधिकाऱ्यांना सोनेरी जर आणि मिलिशियाला रुपेरी, असाही दंडक आला. बटणांवर पलटणीचा क्रमांक. चित्रकाराने यातलं एखादं बारीक काम चुकवलं, तर मेसमध्ये चित्र टांगल्याच्या पहिल्या रात्री मिसरूड न फुटलेला लेफ्टनंटसुद्धा त्यावर बोट ठेवणार.

म्हणून कोट स्टुडिओतच ठेवून जायची रीत होती. चेहऱ्यासाठी साहेब थोड्या बैठका द्यायचे. पुढचे कित्येक दिवस त्यांचा कोट लाकडी पुतळ्याच्या अंगावर चढून बसायचा, आणि चित्रकार किंवा त्याचा हाताखालचा माणूस जर, झालर, बटणं रंगवत राहायचा. या चित्रांपुढे उभं राहिलं की दोन कामं वेगळी दिसू लागतात. कोट शिस्तीत भरलेला, चेहरा जिवंत. कुठे कुठे उलटही दिसतं, कोट झकास आणि चेहरा मेणाचा. शतकभराच्या या चित्रांकडे बघायची माझी किल्ली तीच आहे: यात चेहरा कुणाच्या वाट्याला आला, आणि कुणाच्या वाट्याला फक्त कोट?

*

मराठी वाचकाला या कथेत ओळखीचं ठिकाण फार लवकर भेटतं. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेवर आर्थर वेलस्ली नावाचा इंग्रज मेजर जनरल चालून गेला. त्या दिवशी त्याच्याखालचा एक घोडा मेला आणि डायोमेड नावाचा दुसरा भाल्याने जखमी झाला. पुढच्याच वर्षी तो कलकत्त्यात रॉबर्ट होम या चित्रकारापुढे बसला. होम १७९१ पासून हिंदुस्थानात होता. कॉर्नवॉलिसच्या फौजेबरोबर त्याने म्हैसूरच्या मोहिमेत मुक्काम केले होते, पुढे तो लखनौच्या दरबारात चित्रकार झाला. त्याने रंगवलेला वेलस्ली पस्तिशीचा आहे, अजून वेलिंग्टनचा ड्यूक व्हायचा आहे. गव्हर्नर जनरल त्याचाच थोरला भाऊ, तेव्हा चित्राला भिंत मिळण्याची अडचण नव्हती. असईत इंग्रजांच्या बाजूचे सुमारे दीड हजारावर लोक मेले किंवा जखमी झाले. त्यांतले निम्म्याहून अधिक देशी शिपाई आणि स्वार होते. होमपुढे बसायचं बोलावणं त्यांना येण्याचा प्रश्नच नव्हता.

असईनंतर नऊ वर्षांनी हाच माणूस माद्रिदमध्ये गोयापुढे बसला. गोया काही ब्रिटिश नव्हे, पण त्याच्या चित्राची हकीकत या धंद्याचं मर्म सांगते. १८१२ च्या ऑगस्टमध्ये वेलिंग्टन माद्रिदमध्ये शिरला, गोयाने त्याला लाल कोटात रंगवलं. नंतर त्याला आणखी मानचिन्हं मिळाली. मग गोयाने त्याच कॅनव्हासवर पुन्हा ब्रश चालवून ती छातीवर चढवली. १८१४ पर्यंत हे फेरफार चालू होते. चेहरा बघा: किंचित उघडे ओठ, थकलेले, चमकणारे डोळे, मोहिमेवरून नुकत्याच आलेल्या माणसाचे. त्या चेहऱ्याला दोन वर्षांत कुणी हात लावला नाही, छाती मात्र वाढत्या हिशेबाच्या वहीसारखी भरत गेली.   

*

लाल कोटाला खरा उतारा सापडला तो टॉमस लॉरेन्सला. डिव्हायझेस गावातल्या खाणावळवाल्याचा हा मुलगा लहानपणी वडिलांच्या गिऱ्हाइकांचे चेहरे पेन्सिलीने काढून दाखवायचा. रीतसर शिक्षण जवळपास नाही. मोठेपणी युरोपभर नाव झालं, तरी कर्ज जन्मभर फिटलं नाही. अपूर्ण चित्रांचा ढीगही त्याने मागे ठेवला, कारण चेहरा रंगवून झाला की पुढच्या कामाचा त्याला कंटाळा यायचा. मला हा दोष फार काही वाईट वाटत नाही.

वॉटर्लूनंतर, १८१५-१६ मध्ये त्याने वेलिंग्टनचं जे चित्र केलं ते लंडनच्या अ‍ॅप्सली हाउसमध्ये आहे. हाताची घडी घातलेला ड्यूक, लाल कोट, मागे ढगाळ, काळवंडलेलं आभाळ. लॉरेन्सची युक्ती अशी, की त्याने कोटाशी भांडण केलंच नाही. लाल रंग रुंद, सैल फटकाऱ्यांत मोकळा सोडला, आणि सगळ्यात उजळ प्रकाश कपाळ व नाक यांवर टाकला. त्यामुळे कोट कितीही झळकला तरी नजर वर चढतेच. कित्येक पिढ्यांनी वेलिंग्टनला ओळखलं ते लॉरेन्सच्या नजरेतून. १९७१ ते १९९१ या काळात चाललेल्या इंग्लंडच्या पाच पौंडांच्या नोटेवर जो ड्यूक होता, तोही लॉरेन्सच्याच चित्रावरून घेतलेला.

ड्यूकला बैठका देणं जिवावर यायचं. त्याच्या आणि लॉरेन्सच्या एका वादाची गोष्ट सांगतात. दुसऱ्या एका चित्रात लॉरेन्सने त्याच्या हातात घड्याळ दिलं होतं. वॉटर्लूवर प्रशियन फौज कधी येते याची वाट बघणारा सेनापती, अशी कल्पना. ड्यूक भडकला. मी काही प्रशियनांची वाट बघत बसलो नव्हतो, असं म्हणून त्याने घड्याळ काढायला लावलं आणि तिथं दुर्बीण आली. गोष्ट तिखटमीठ लावलेली असेल, पण त्या काळचे लोक व्यक्तिचित्र कसं वाचत हे तिच्यातून कळतं. हातातली वस्तू हा इतिहासावरचा दावा होता. घड्याळ म्हणजे विजयात प्रशियन सेनापती ब्ल्यूखरचा वाटा कबूल करणं, दुर्बीण म्हणजे विजय एकट्याचा.

लॉरेन्सचं सगळ्यात मोठं काम प्रिन्स रीजंटने, म्हणजे पुढच्या चौथ्या जॉर्जने दिलं. या राजपुत्राला फौजेचा भारी षोक. पण वडिलांनी त्याला कधी परदेशी लढाईवर जाऊ दिलं नाही. मग त्याने ती हौस शिंप्याकडून आणि चित्रकाराकडून भागवून घेतली. लॉरेन्सने त्याला फील्डमार्शलच्या गणवेशात रंगवलं आहे, आणि त्या कोटात तो खराखुरा सेनापती वाटतो. उतारवयात आपण वॉटर्लूवर लढलो असं तो मेजवानीत सांगू लागला म्हणतात.

नेपोलियनला हरवणाऱ्या सगळ्या बड्यांची चित्रं एका दालनात लावायची, ही या राजपुत्राची कल्पना. १८१४ मध्ये मित्रराष्ट्रांचे पाहुणे लंडनला आले तेव्हा ब्ल्यूखर आणि कझाकांचा सरदार प्लातोव यांना लॉरेन्सने बसवून घेतलं. १८१८ मध्ये एक्स-ला-शापेलला राजांची परिषद भरली. तिकडे लॉरेन्सला पाठवताना त्याच्यासाठी सुट्या भागांचं एक लाकडी घर जहाजाने रवाना झालं, आत स्टुडिओ थाटायला. ते वेळेवर पोचलंच नाही, आणि नगरभवनातल्या एका मोठ्या खोलीत रशियाचा झार, ऑस्ट्रियाचा सम्राट आणि प्रशियाचा राजा एकेक करून त्याच्यापुढे बसले. तिथून तो व्हिएन्नाला गेला, मग रोमला. तिथं त्याने सातव्या पायस पोपला रंगवलं. १८२० मध्ये मायदेशी परतला तेव्हा रॉयल अकादमीचं अध्यक्षपद त्याच्यासाठी रिकामं झालं होतं.

ही चित्रं आज विंडसरच्या किल्ल्यात वॉटर्लू चेंबरमध्ये आहेत. नाव वॉटर्लूचं, पण भिंतीवरच्या बऱ्याच जणांनी ते रणांगण पाहिलंसुद्धा नव्हतं. पोप कशाला तिथं जाईल? ऑस्ट्रियाचा मुत्सद्दी मेटर्निकही नव्हता, झारही नव्हता. त्या दालनात विजयाची मालकी ठरवली आहे, लढाईचा त्याच्याशी संबंध बेताचाच. आणि दालनाच्या फरशीवर अंथरलेला तो अवाढव्य गालिचा? तो व्हिक्टोरिया राणीसाठी आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणला आहे. भिंतीवरच्या प्रत्येकाचं नाव चौकटीखाली लिहिलेलं आहे. विणणाऱ्यांची नावं कुठे लिहिणार?

जॉर्ज डॉ या दुसऱ्या इंग्रज चित्रकाराने तर याच धंद्याचा कारखाना काढला. १८१८ च्या परिषदेत झारच्या नजरेत भरलेला डॉ पुढच्या वर्षी सेंट पीटर्सबर्गला गेला आणि नेपोलियनशी लढलेल्या रशियन सेनापतींची चित्रं रंगवत सुटला. हिवाळी राजवाड्यातल्या लष्करी दालनात अशी तीनशेवर चित्रं आहेत. एकट्याच्या हातून हे होणं अशक्यच. गोलिके आणि पोल्याकोव हे दोन रशियन मदतनीस त्याच्या हाताखाली राबत होते, आणि त्यांतला पोल्याकोव एका जनरलचा भूदास होता. म्हणजे मालकाच्या जातकुळीच्या माणसांचे चेहरे तो रंगवत होता. काही सेनापतींचं चित्र मिळालंच नाही. त्यांच्या चौकटी हिरव्या रेशमाने मढवून, खाली नाव लिहून तशाच लावल्या आहेत. गडद हिरव्या कोटांच्या आणि जरीच्या त्या गर्दीत माझं लक्ष सगळ्यात आधी या रिकाम्या चौकटींकडे जातं. तिथं नाव आहे, हुद्दा आहे, चेहरा तेवढा नाही.

१८२९ मध्ये डॉ लंडनला परतून वारला, १८३० च्या जानेवारीत लॉरेन्स गेला. दोघेही सेंट पॉल कॅथेड्रलच्या तळघरात पुरले आहेत. १८५२ मध्ये ड्यूकही तिथंच आला.

*

साध्या शिपायाला चेहरा द्यायचं काम, नवल म्हणजे, आधी वेलिंग्टननेच सांगितलं. स्कॉटिश चित्रकार डेव्हिड विल्कीला त्याने म्हातारे सैनिक दारूच्या गुत्त्यापुढे गप्पा मारताहेत असं काहीतरी काढ म्हटलं. विल्कीने त्यात वॉटर्लूच्या विजयाची बातमी घुसवली. चेल्सीच्या लष्करी आश्रमाचे पेन्शनर रस्त्यावर जमलेत, एकजण वर्तमानपत्र वाचून दाखवतोय, कुणी कान देऊन, कुणी तोंड वासून ऐकतोय. गर्दीत एक काळा बँडवाला सैनिकही आहे. १८२२ मध्ये रॉयल अकादमीत या चित्रापुढे इतकी झुंबड उडाली, की कठडा लावावा लागला. ड्यूकने १२०० गिनी मोजल्या, आणि त्याही रोख नोटांत. बँकेतल्या कारकुनांना आपण चित्रापायी एवढे पैसे घालवले हे कळू नये म्हणून, असं सांगतात. शिपायांचे चेहरे त्यात मन लावून रंगवलेले आहेत, एकेक सुरकुती. फक्त ते चेहरे नमुने म्हणून आले आहेत. अमुक रेजिमेंटचा म्हातारा एवढीच त्यांची ओळख.

याच विल्कीकडे पुढे जनरल डेव्हिड बेअर्डच्या विधवेने काम दिलं. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणावरच्या हल्ल्याचं नेतृत्व बेअर्डने केलं होतं आणि रात्री मशालीच्या उजेडात टिपूचं प्रेत शोधून काढलं होतं. पूर्वी तीन-चार वर्षं तो त्याच गावात हैदर आणि टिपूचा कैदी होता. चित्रात विल्कीने बेअर्डला उंचावर, हात उगारून उभा केला, आणि त्याच्या पायांशी तळघराची एक लोखंडी जाळी काढली. माहीतगारानेच बघावी अशी ती जाळी. तिच्याखाली त्याचा जुना तुरुंग. चित्र १८३९ मध्ये पुरं झालं तेव्हा बेअर्डला जाऊन दहा वर्षं झाली होती. इथं चेहऱ्याची बैठक कुणी दिली नाही. बायकोने आठवणी दिल्या आणि पैसे दिले.

*

शतकाच्या मध्याला गिऱ्हाईकच बदललं. राजा आणि ड्यूक मागे पडले आणि छापील चित्रांचे व्यापारी पुढे आले. मँचेस्टरच्या अ‍ॅग्न्यू कंपनीने हिशेब मांडला: गाजलेल्या लढाईतले सगळे सेनापती एका मोठ्या तैलचित्रात आणायचे, त्याचं धातूच्या पत्र्यावर कोरीव काम करून घ्यायचं, आणि मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यांत हजारोंनी प्रती विकायच्या. अशा चित्रात ओळखू येईल असा प्रत्येक चेहरा म्हणजे वाढीव गिऱ्हाईक. तो साहेब घेणार, त्याचे भाऊबंद घेणार, त्याची पलटण घेणार.

१८५५ मध्ये अ‍ॅग्न्यूने रॉजर फेंटन या छायाचित्रकाराला क्रिमियाच्या युद्धावर पाठवलं. फेंटनचे ते फोटो आज युद्धछायाचित्रणाच्या इतिहासात पहिल्या पानावर असतात. पण त्यातले कित्येक काढले होते ते टॉमस जोन्स बार्कर या चित्रकाराला सेनापतींचे चेहरे पुरवायला. बार्कर क्रिमियाला गेला नाही. फोटोतले चेहरे उचलून त्याने सेवास्तोपोलपुढचे दोस्त सेनापती एकत्र बसवले.

१८५७ च्या उठावानंतर त्याने हाच खेळ लखनौच्या बाबतीत केला. त्याच्या चित्रातला क्षण १७ नोव्हेंबर १८५७ चा. रेसिडेन्सीत अडकलेले हॅवलॉक आणि औट्रॅम बाहेर येऊन सर कॉलिन कॅम्पबेलला भेटताहेत. औट्रॅम आपल्याकडच्या लोकांना वेगळ्या कारणाने माहीत आहे. तो मुंबईच्या फौजेतला, आणि १८२५ मध्ये खानदेशात धरणगावला भिल्लांची पलटण उभी करणारा. लखनौच्या चित्रासाठी बार्कर हिंदुस्थानात आला नाही. अ‍ॅग्न्यूने तिकडे एगॉन लुंडग्रेन नावाच्या स्वीडिश चित्रकाराला धाडलं. तो १८५८ मध्ये पोचला आणि माणसं, घोडे, उंट, पडक्या भिंती यांची रेखाटनं करून त्याने लंडनला पाठवली. हॅवलॉक त्या भेटीनंतर आठवड्यात वारला होता, म्हणजे मध्यभागी उभ्या असलेल्या नायकाचं दर्शन लुंडग्रेनलाही घडलेलं नाही.

तरी चित्र बघताना ही जुळवाजुळव पटकन कळत नाही. प्रकाश तिन्ही सेनापतींवर पडलाय, त्यांच्याभोवती अधिकाऱ्यांचे चेहरे असे वळवलेत की एकेकाला नावाने ओळखावं. कडेला आणि खालच्या अंगाला देशी माणसं आहेत, कुणी जखमी, कुणी ओझी वाहणारे. लुंडग्रेनने त्यांची रेखाटनं जिव्हाळ्याने केली होती. तैलचित्रात ती वातावरणनिर्मितीसाठी उरली. ओळख पटवायची होती ती छापील प्रत विकत घेणाऱ्यांची.

*

१८५६ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक सुरू झालं. शिपाई असो वा कर्नल, सगळ्यांना एकच. २६ जून १८५७ ला हाइड पार्कमध्ये राणीने घोड्यावर बसून ६२ जणांच्या छातीवर ते लावलं. चित्रकारांच्या दृष्टीने ही मोठी संधी होती, आणि ती लुई विल्यम डेसांजने साधली. पदकवाल्यांचे पराक्रम एकेका चित्रात रंगवून त्याने १८५९ मध्ये पिकॅडिलीच्या इजिप्शियन हॉलमध्ये तिकीट लावून प्रदर्शन भरवलं. पुढे ते क्रिस्टल पॅलेसमध्ये हललं आणि चित्रांची संख्या पन्नासच्या आसपास गेली. प्रत्येक चित्रात नायकाचा चेहरा शक्यतो प्रत्यक्ष बैठकीवरून घेतलेला. भोवतीची लढाई मात्र नाटकाच्या पडद्यासारखी, धूर आणि आडव्या पडलेल्या शत्रूंची.

पदक सगळ्यांना खुलं होतं, डेसांजच्या भिंतीवर गर्दी मात्र अधिकाऱ्यांची झाली. कारण गूढ नाही. बैठक द्यायला सवड अधिकाऱ्याला, चित्राची नक्कल मागवायला पैसेही त्याच्याकडेच. आणि कंपनीच्या व नंतर राणीच्या हिंदी शिपायांचा तर या भिंतीशी संबंध येणारच नव्हता. १९११ पर्यंत त्यांना हे पदक मिळायची सोयच नव्हती. डेसांजची बरीचशी चित्रं पुढे रॉबर्ट लॉइड-लिंडसेने विकत घेतली. तो स्वतः क्रिमियात हे पदक मिळवलेला. वाँटेज गावात त्यांचं एक दालन उभं राहिलं.

ज्याला चित्रकार परवडत नव्हता त्या शिपायाकडे वळला तो कॅमेरा. १८५६ मध्ये राणीच्याच सांगण्यावरून क्रिमियाहून परतलेल्या जवानांचे फोटो कंडॉल आणि हाउलेट यांनी काढले. दाढ्या वाढलेल्या, अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोप्या घातलेल्या, काही पाय गमावलेल्या माणसांचे. या फोटोंखाली नावं आहेत. तैलचित्राने शिपायाला जे सहसा दिलं नाही ते इथं आलं.

तैलचित्रातली कोंडी फोडली एका सत्तावीस वर्षांच्या मुलीने. एलिझाबेथ टॉम्पसनचं ‘रोल कॉल’ १८७४ मध्ये रॉयल अकादमीत लागलं. क्रिमियातला बर्फ, लढाई संपलेली, ग्रेनेडियर गार्ड्सची उरलीसुरली रांग हजेरीसाठी उभी. एकजण बर्फात पडलाय, शेजारचा वाकून बघतोय जिवंत आहे का. लाल कोट जवळजवळ दिसतच नाहीत, कारण सगळ्यांनी करडे, मळके ओव्हरकोट घातले आहेत. म्हणजे तिने पहिल्याच फटक्यात लाल रंग बाजूला सारला, आणि एकदम त्या रांगेतला प्रत्येक चेहरा वाचता येऊ लागला. चित्रापुढच्या गर्दीला आवरायला पोलिस उभा करावा लागला. ज्या कारखानदाराने ते विकत घेतलं होतं, त्याने शेवटी ते राणीला दिलं.

तिची पूर्वतयारी दमछाक करणारी होती. क्रिमियात लढलेल्यांना ती मॉडेल म्हणून बसवायची, जुने गणवेश शोधून आणायची. पुढच्या वर्षीच्या ‘कात्र ब्रा’ या लढाईच्या चित्रासाठी तिने चॅटमला सैनिकांकडून चौकोनी व्यूह रचून घेतला, आणि पिकातली लढाई कशी दिसेल ते कळावं म्हणून राईच्या शेताचा तुकडा मुलांकडून तुडवून घेतला. १८७७ मध्ये तिने मेजर विल्यम बटलरशी लग्न केलं आणि पुढे लेडी बटलर म्हणून ती ओळखली जाऊ लागली. १८७९ मध्ये रॉयल अकादमीची सभासद होण्याची वेळ आली. दोन मतांनी हरली. पुरुषांच्या त्या अकादमीला सैनिक रंगवणारी बाई चालली, सभेत बसणारी चालली नाही. त्याच वर्षी निवडून आला तो ह्यूबर्ट हर्कोमर, त्याच्याकडे आपण येऊच.

राणीने तिला रोर्क्स ड्रिफ्टची लढाई रंगवायला सांगितली. जानेवारी १८७९ मधली ही झुलूंविरुद्धची लढाई, दीडशेच्या आसपास ब्रिटिश सैनिक आणि अकरा व्हिक्टोरिया क्रॉस. प्रत्यक्ष मारामारी रंगवायची नाही हा तिचा नियम, पण राणीला नाही कसं म्हणणार? लढाईतून आलेल्या सैनिकांनी पोर्ट्समथला तेच गणवेश घालून तिच्यापुढे प्रसंग करून दाखवला. त्यामुळे चित्रात लेफ्टनंट चार्ड, ब्रोमहेड यांच्याबरोबर साधे शिपाईही स्वतःच्या चेहऱ्याने आले. झुलू मात्र डाव्या कडेच्या अंधारात ढाली आणि हात इतकेच उरले. त्यांच्यापैकी कुणी पोर्ट्समथला आलं नव्हतं.

*

याच सुमाराला दोन चित्रं अशी झाली की त्यांनी गणवेशाची मिरवणूकच मोडली. पहिलं १८७० मधलं, जेम्स टिसो या फ्रेंच चित्रकाराने रंगवलेलं फ्रेडरिक बर्नबीचं. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत हे चित्र बघणारा आधी त्याच्या आकाराने फसतो: जेमतेम ६० सेंटिमीटर रुंद, लाकडी फळीवर रंगवलेलं. बर्नबी सहा फूट चार इंच उंच, घोडदळाचा कॅप्टन, अंगाने पहिलवान. टिसोने तो देह सोफ्यावर पसरला. काळा साधा गणवेश, आणि पायाच्या लांबीभर चित्राला तिरकी कापत गेलेली लाल पट्टी. मिशांना पीळ, बोटांत सिगारेट, भिंतीवर जगाचा मोठा नकाशा. छातीचं चिलखत आणि पिसाऱ्याचं शिरस्त्राण बाजूच्या बैठकीवर काढून ठेवलेलं, नाटक संपल्यावर कपडे उतरवावेत तसं. दोनशे वर्षांच्या रीतीने ज्या वस्तू अंगावर हव्यात त्या इथं फर्निचरवर आहेत, आणि लाल रंग एका पट्टीत मावला आहे.

त्या नकाशाचा पुढे बर्नबीने पुरेपूर उपयोग केला. १८७५-७६ च्या हिवाळ्यात तो घोड्यावरून मध्य आशियात खिव्याला गेला, १८८२ मध्ये एकट्याने फुग्यातून इंग्लिश खाडी ओलांडली, आणि जानेवारी १८८५ मध्ये सुदानात अबू क्लेआच्या लढाईत मारला गेला.

दुसरं चित्र रिचर्ड बर्टनचं. हा १८४२ मध्ये मुंबईच्या फौजेत आला होता, गुजराती-मराठीच्या परीक्षा पास झाला होता आणि गोव्यावर त्याने एक खवचट पुस्तकही लिहिलं आहे. १८५५ मध्ये सोमाली किनाऱ्यावर बर्बेरा इथे फेकलेला भाला त्याच्या दोन्ही गालांतून आरपार गेला. फ्रेडरिक लेटनने १८७२ पासून त्याचं चित्र करायला घेतलं. यात पदक नाही, जर नाही, गणवेशच नाही. गडद पार्श्वभूमीवर डोकं आणि गालावरचा तो व्रण. मला कुरूप दाखवू नका, अशी बर्टनची लेटनकडे कुरबुर चालू असे म्हणतात. लेटनने व्रण लपवला नाही. एरवी जे काम छातीवरची मानचिन्हं करतात, ते इथं कातडी करते.

*

लाल कोटाचा शेवट रणांगणावर झाला आणि त्या शेवटाची सुरुवात हिंदुस्थानात झाली होती. १८४० च्या दशकाच्या अखेरीस पेशावरकडे हॅरी लम्सडेनने आपल्या गाइड्स पलटणीला मातकट रंगाचे कपडे दिले. १८५७ मध्ये गोऱ्या पलटणींनीही कपडे चहाच्या पाण्यात, धुळीत रंगवून घेतले. सुदानातली ३० डिसेंबर १८८५ ची गिनिसची लढाई ही लाल कोटात लढलेली शेवटची, असं साधारण धरतात. १९०२ मध्ये खाकी हा रोजचा गणवेश ठरला.

चित्रांत मात्र लाल रंग टिकून राहिला. साहेब खाकीत लढून यायचे आणि ट्रंकेतून समारंभाचा कोट काढून चित्रकाराकडे बसायचे. चित्र म्हणजे मेसची भिंत, आणि मेसच्या भिंतीला खाकी आवडत नव्हती. पण जनतेच्या डोळ्यांपुढचा सैनिक आता वर्तमानपत्रातल्या फोटोंतला होता.

हर्कोमरने १८९० मध्ये हर्बर्ट किचनरचं चित्र केलं. चेहरा आणि माणूस हर्कोमरने रंगवला, मागची कैरोची भिंत इजिप्त पाहून आलेल्या फ्रेडरिक गुडॉलने. दोन नामवंत चित्रकार एका सेनापतीसाठी. चित्र आज नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे आणि तिथं गेल्याशिवाय फारसं कुणाला आठवत नाही. त्याच किचनरचा जो चेहरा जगाच्या लक्षात राहिला तो ५ सप्टेंबर १९१४ च्या ‘लंडन ओपिनियन’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर छापला होता, मिशा आणि रोखलेलं बोट. आल्फ्रेड लीटने तो एका फोटोवरून काढला असं मानतात. किचनर त्यासाठी कुणापुढे बसला नव्हता.